फळ्यांचं दुकान

इचलकरंजी

चि. सोनूस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

इंग्लंडातल्या बाथच्या पुलावरच्या दुकानांचा तुझा फोटो मिळाला. ‘आपलं जुनं दुकान कसं होतं?’ असं विचारलंस. घरात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो.

तुझा तो पल्टनी पूल रॉबर्ट ॲडमनं आखलेला, १७७४ मध्ये पुरा झाला. तेव्हा गादीवर तिसरा जॉर्ज होता. लागोपाठ चार जॉर्ज झाले, म्हणून त्या काळच्या इमारतींना जॉर्जियन म्हणतात. मोठी काच तेव्हा सहज बनत नसे, म्हणून खिडक्यांना ती लहान लहान तावदानं. त्याच साली इंग्लंडमध्ये विणलेल्या छापील सुती कापडावरची बंदीही उठली. मुळात आपल्या छिटांच्या धास्तीनं घातलेली होती ती! आणि १७८५ मध्ये, त्याच राजाच्या काळात, कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं. यंत्रमाग आपल्या गावात यायला मात्र १९०४ उजाडलं. नारायणराव बाबासाहेब घोरपडे सरकारांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी पहिला माग बसवला. तिथल्या मैत्रिणींना हे जरूर सांग.

आपलं दुकान कधी बांधलं ते तुझ्या पणजोबांनाही धड सांगता येत नसे. कधी प्लेगाच्या आधी म्हणत, कधी नंतर. खाली कापडाची पेढी, वर माडीत आम्ही सगळे, मागे परडं. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. काच औषधालाही नव्हती. गिऱ्हाइकानं चपला काढून ओट्यावर चढायचं, गादीवर टेकायचं, पाणी प्यायचं, मग ठाण उलगडायचं. काचेतून बघून पुढे जाणाऱ्यापेक्षा असं टेकणारं गिऱ्हाईक मला आजही जवळचं वाटतं.

आणि त्या फळ्या! दुकानाला दार नव्हतंच. रात्री एकेक फळी खालच्या-वरच्या खोबणीत सरकवायची, शेवटी लोखंडी आडणा घालून कुलूप. फळ्यांवर डांबरानं आकडे घातलेले. क्रम चुकला की शेवटची फळी बसत नसे, मग सगळ्या काढून पुन्हा पहिल्यापासून. मी आकडे मोठ्यानं म्हणत वडिलांच्या हातात फळ्या द्यायचो. माझी उजळणी शाळेआधी तिथेच झाली. एक आकडा पुसला गेला तेव्हा आईनं तो कुंकवानं लिहिला होता. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, सकाळी फळी निघता निघत नसे. वडील लाकडी मोगरीनं ठोकायचे, मी नेटानं ओढायचो, आणि समोरचा तांबोळी हसत मदतीला यायचा.

जॉर्जियन दुकानांनाही रात्री अशाच फळ्या लावत. जुन्या एखाद्या चौकटीत खोबण दिसते का, बघून कळव.

पुढे वाटण्या झाल्या, दुकान पाडलं, तिथे सिमेंटचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. बाथ १९८७ पासून जागतिक वारसा आहे, त्या पुलावरची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. आमच्या वेळी एक खांब वाचवायलाही कुणी पुढे आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इथला राजवाडा राहिला, कारण त्यात डीकेटीईचं कॉलेज भरतं. पोरांचा वावर आहे, म्हणून छपराकडे कुणाचं तरी लक्ष असतं.

दिवाळीला येशील तेव्हा गावभागातून पायी हिंडू, दुकानाची जागा दाखवतो. थंडीत कानाला बांधत जा. रात्रीचं जेवण टाळू नकोस. आणि पुढचं पत्र देवनागरीत लिही, तुझ्या आजीला इंग्रजी अक्षरांतलं मराठी लागत नाही आणि मग ती मला दोनदा वाचायला लावते.

तुझे
आजोबा