आधी मोजा, मग बदला

हॅम रेडिओ म्हणजे काय, असे वस्तीत आम्हाला पुष्कळजण विचारतात. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या बिनतारी संचावरून लांबच्या माणसांशी बोलण्याचा हा छंद. त्यात धंदा करता येत नाही. पण संकटात त्याचे मोल कळते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा अंदमानात असलेल्या हॅम मंडळींनी कित्येक घरांना आपल्या माणसांची खुशाली कळवली होती.

आम्ही दोघे भाऊ. थोरला कारखान्यात फिटर, धाकटा आयटीआय करून वायरिंगची कामे करतो. घरी जुळवलेला आमचा संच ५ वॅटचा. एवढ्या आवाजाला गर्दीत कोण विचारतो? म्हणून बोनसच्या पैशांतून सुटे भाग आणून आम्ही ॲम्प्लिफायर बांधला. आयआरएफ ५१० जातीचे दोन ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा पुरवठा. आवाज २५ वॅटवर गेला.

पुढे ऐन पावसाळ्यात तो बोलता बोलता बंद पडला. नवा फ्यूज घातला की लगेच उडे. दुकानात दाखवला, तर "घरी केलेला माल आहे, टाकून द्या, तयार घ्या," असे उत्तर मिळाले. तयार घ्यायचा तर घरचा किराणा थांबवावा लागला असता.

शेवटी ५ वॅटवरच, सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आम्ही अडचण मांडली. सांगलीकडच्या एका निवृत्त काकांनी ती क्षीण हाक ऐकली. आम्ही म्हणालो, "काका, नवे ट्रान्झिस्टर लावून बघू का?"

"थांबा पोरांनो. आधी मोजा. मला अंदाज नको, आकडा सांगा."

त्यांनी पुरवठ्याच्या तारेत गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा दिवा जोडायला लावला. कुठे शॉर्ट असेल तर दिवा पेटतो आणि बाकीचे भाग वाचतात. दिवा लख्ख पेटला. मग मीटर लावला. एका ट्रान्झिस्टरच्या ड्रेन आणि सोर्समध्ये शून्य ओहम! रोग सापडला. काकांच्या सांगण्यावरून आम्ही दोन्ही बदलले, खाली अभ्रकाच्या चकत्या नव्या घातल्या.

पण काका तिथे थांबले नाहीत. "तो मेला कशाने ते शोधा, नाहीतर नवाही मरेल." एक किलोओहमचे, २ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडून त्यांनी आमच्याकडून ५० ओहमचा खोटा एरियल करवून घेतला. त्यावर ॲम्प्लिफायर नीट चालला. म्हणजे दोष छपरावर! तिथे केबलच्या जोडात पाणी शिरून तांबे काळे पडले होते. वर गेलेली शक्ती परत फिरून ट्रान्झिस्टरवर आदळत होती. केबल कापून नवा जोड दिला, टेप घट्ट गुंडाळली.

चार सकाळी गेल्या, खर्च दोन ट्रान्झिस्टर आणि एका जोडाचा. काकांना आम्ही अजून पाहिलेले नाही.

वाचकहो, घरातला मुलगा किंवा मुलगी रेडिओ उघडून बसली तर रागावू नका. एक साधा मीटर आणून द्या. मात्र जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला जाणत्याशिवाय हात लावू देऊ नका. त्यात हजारो व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दडून राहते.