पायावरची अंघोळ

माझ्या मुलीचा पासपोर्टचा फोटो काढायला आम्हाला जवळजवळ साठ प्रयत्न लागले.

नियम तसे सोपे. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, डोळे उघडे, फोटोत दुसरं कुणी नको. पण सहा महिन्यांच्या बाळाला हे सांगणार कोण? शेवटी तिला पांढऱ्या चादरीवर झोपवलं, मी स्टुलावर चढून मोबाइल धरला आणि आई शेजारी बसून खुळखुळा वाजवत राहिली. बरा फोटो आला की त्यात आईचा हात. "आई, हात काढ ना गं!" हे मी किती वेळा ओरडले कुणास ठाऊक. तो पासपोर्ट पाच वर्षं चालेल. त्यातला चेहरा तीन महिन्यांतच बदललाय.

नवरा म्युनिकला आधीच गेलाय. पुढच्या गुरुवारी मी आणि ती, दोघीच निघणार. मी इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट आलीच. व्हिसा, जन्मदाखला, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि तिचं कार्ड. विमान चढता-उतरताना पाजायचं, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत. हातातल्या बॅगेत एक दिवसाचे डायपर, कपड्यांचे दोन जोड बाळाचे आणि एक माझा. हा शेवटचा सल्ला एका मैत्रिणीचा, अनुभवातून आलेला. सगळ्यांपुढे हिरवा रंग झालाय.

एक ओळ मात्र लाल आहे: अंघोळ.

जन्मापासून तिला आईच अंघोळ घालते. पाटावर बसून, पाय पसरून, बाळ पायांवर पालथं. तेल, मसुरीचं पीठ, कोमट पाणी, मग धुरी. डॉक्टरांनी धुरी बंद करायला सांगितली तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. मी त्या वेळात स्टँडअप मीटिंग उरकायचे. अंघोळ झाली की गुंडाळलेलं, पेंगुळलेलं बाळ आयतं माझ्या मांडीवर.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा पाटावर बसले. बाळ तेलाने निसटत होतं, मला घाम फुटला. "अगं, इतकी घाबरू नकोस, तिला कळतं ते," आई म्हणाली. तिचा हात माझ्या हाताखाली होता. मग नवऱ्याने घराचा व्हिडिओ पाठवला. बाथरूममध्ये काचेची शॉवर केबिन, बाहेरच्या फरशीला मोरीच नाही. तिथे पाट मांडणार कुठे?

आईने व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाली, "मग टब घे. पाणी कोपराने बघ, हाताने नाही."

मी तिला म्हटलं, तू ये ना तिकडे. शेंगेनचा नियम मला पाठ आहे: 180 दिवसांत फार तर 90 दिवस. ती म्हणाली, "बघू. बाबांचं कोण करेल?" तिच्याकडे पासपोर्टही नाही.

काल अंघोळ मी एकटीने घातली. आई दारात उभी होती, हात पाठीमागे बांधून. पोरगी रडली नाही. आई आत जाऊन कुकर लावायला लागली, आणि मी बराच वेळ त्या पाटावरच बसून राहिले.

रात्री शीटमधली ती ओळ हिरवी केली. खाली एक नवी ओळ घातली: आईचा पासपोर्ट.