चांदोलीमार्गे खालाच्या गावी

वाघोलीत आता मूळचे वाघोलीकर कमी आणि आमच्यासारखे बाहेरून आलेले जास्त. 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेले, इमारती वाढल्या. आमच्या पाच घरांत कोणी सोलापूरचे, कोणी बीडचे, कोणी अहिल्यानगरचे, आणि एक घर रत्नागिरीचे. दिवाळीच्या सुट्टीत एकत्र कुठेतरी जायचे ठरले तेव्हा मुलांना जंगल हवे होते. रत्नागिरीच्या घरातल्या खाला मात्र एवढेच म्हणाल्या, "तुम्ही कुठंही फिरवा, शेवटी मला माझ्या गावी न्या."

खालांचे वय 74. शौहरचा इंतकाल होऊन वर्ष झाले होते. इद्दतीनंतर त्या घरातून फारशा बाहेर पडल्याच नव्हत्या. चाचांना पुण्यातच दफन केले, आणि त्या दिवसापासून खालांनी मुलांना सांगून ठेवले होते की, माझी मय्यत मात्र माहेरी न्यायची, काजळीच्या खाडीकाठी, आई-वडिलांच्या कब्रस्तानात. मुलगा म्हणे, अम्मी, सात-आठ तासांचा रस्ता, घाट, पावसाळा. दफन लवकर करावे असा हुकूम आहे. खाला गप्प बसत. ते गप्प बसणे घरात सगळ्यांना जड जात होते. ही सहल निघाली ती या पार्श्वभूमीवर.

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, असा रस्ता आखला. 17 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. केसनंद फाट्याची कोंडी ज्याने भोगली आहे त्याला पहाटे साडेतीनला निघण्याचे कारण सांगायला नको. फजर खंबाटकी घाट ओलांडल्यावर एका पेट्रोल पंपाच्या कडेला पढली. कराड, पेठ नाका, शिराळा, कोकरूड करत मणदूरला पोचेपर्यंत खिमा-पराठ्याचे डबे संपले होते.

चांदोली 1985 साली अभयारण्य झाले आणि 2004 साली राष्ट्रीय उद्यान. 2010 पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा इथे भिडतात. वाघ दिसेल या आशेने मुले जीपमध्ये श्वास रोखून बसली होती. दिसले ते गवे. एक मोठा नर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि आमच्याकडे बघून निवांत रवंथ करत राहिला. झोळंबीच्या सड्यावर वारा एवढा की ओढण्या सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली. खाली वारणेचे अडवलेले पाणी, वसंतसागर, दूरवर पसरलेले.

वाटाड्या इथलाच. एका ठिकाणी त्याने जीप थांबवली. झुडपांत दगडी जोती, पलीकडे जुनी आंब्याची झाडे. "हे आमचं घर होतं," तो म्हणाला. धरण आणि अभयारण्यासाठी इथली गावे उठली, माणसे खाली जाऊन वसली. आता तो त्याच गावच्या जागेत लोकांना जनावरे दाखवतो. खालांनी त्याला विचारले, "तुमची माती कुठं केलीत, म्हाताऱ्यांची?" तो म्हणाला, "आज्याची इथं. बापाची खाली, नव्या गावात." खालांनी आणखी काही विचारले नाही.

जोहर मलकापूरच्या मशिदीत. खाला शाफई, आम्ही बाकीचे हनफी. आम्ही प्रवासाची कस्र म्हणून चारऐवजी दोन रकात पढलो. खालांनी त्यालाच जोडून असरही उरकली, कारण त्यांच्या मसलकात प्रवासात दोन नमाजा जमा करण्याची सवलत आहे. मुलांना याचे फार नवल. रात्री रत्नागिरीत याचीच पुढची पायरी निघाली: खालांनी खेकडे मागवले आणि आम्ही हनफी मंडळी सुरमईवर भागवून त्यांच्या ताटाकडे बघत बसलो. (कोळंबीवर आमच्यातही एकमत नव्हते. ज्यांचे होते त्यांनी भरपूर खाल्ली.)

आंबा घाटाबद्दल न लिहिलेलेच बरे. तीन मुले, दोन मोठी माणसे आणि लिंबाच्या फोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 साली मंडालेहून उचलले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा बांधून झाला 1910 ला, आणि 1916 ला राजा वारला. त्याची कबर रत्नागिरीतच आहे. त्याची नात टुटू तर इथेच मराठी बोलत म्हातारी झाली. उर्दू शिकवणाऱ्यांना हे ऐकल्यावर बहादूरशाह जफर आठवल्याशिवाय कसे राहील? दिल्लीचा बादशाह 1858 साली रंगूनला पाठवला गेला, 1862 साली तिथेच गेला, आणि त्याची कबर नेमकी कुठे हे पुढे हरवून गेले. ती 1991 साली खोदकामात सापडली. त्यांचा राजा आमच्याकडे, आमचा बादशाह त्यांच्याकडे. दोघांच्या कबरींपाशी आता परके लोक आदराने उभे राहतात. आम्ही हे मुलांना सांगत होतो. खाला बाकावर बसून ऐकत होत्या.

दुपारी खाडीकाठचे गाव. भाऊ कुवेतला, घराला कुलूप, अंगणात नारळ पडलेले. शेजारच्या भाभींनी किल्ली आणून दिली, चहा केला. कब्रस्तानच्या गडग्याबाहेर खाला बराच वेळ उभ्या राहिल्या. फातेहा पढल्या. आई-वडिलांच्या कबरी गवतात बुडाल्या होत्या; कोणती कोणाची हे त्यांनाही बोटाने दाखवता आले नाही.

परत येताना त्यांनी मुलाला पुढच्या सीटवरून मागे, शेजारी बोलावले. "मला तिकडंच ठेवा, तुझ्या अब्बांजवळ. एवढ्या लांब कोण येणार गवत काढायला?" मुलाचे डोळे भरले. पण खालांचे बोलणे संपले नव्हते. "पण जिवंत आहे तोवर वर्षातून एकदा इथं आणायचं. घर उघडायचं, झाडायचं, दोन दिवस राहायचं. कबूल?"

कबूल करण्यावाचून त्याला इलाज नव्हता, कारण गाडीतली सगळी माणसे ऐकत होती. वाघोलीत पोचेपर्यंत हिशेबही झाला: घरटी महिना 300 रुपये, गाडीच्या नावाने. पैसे खालांकडे जमा होतात. गेल्या महिन्यात एका घराचा हप्ता चुकला, तर त्या स्वतः जिना चढून मागायला गेल्या.