नाव मोठं, शेजारी भारी

वीकएण्डला लोहगडावर गेलात आणि पायऱ्यांवर लाइन लावून चढलात, तर एक प्रश्न पडायलाच हवा. समोरच्या तिकोण्यावर एवढी शांतता कशी? पाणी तेच पवनेचं. सह्याद्री तोच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांच्या यादीत लोहगड आहे, तसा तिकोणाही आहे आणि पलीकडचा तुंगही. पण लोहगडाचं नाव मोठं. २०२५ साली तो युनेस्कोच्या यादीत गेला, आता तर काही बोलायलाच नको.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं तिकोणा पेठेत उतरलो ते मात्र वेगळ्याच मिशनवर. सॅकमध्ये दोन बाटल्या होत्या, दोन्ही रेड. एक दिंडोरीची शिराझ, म्हणजे आपलं नाशिक. दुसरी अकलूजची सांजोवेझे, म्हणजे सोलापूर जिल्हा. तिसरी बाटली मैत्रिणीच्या नवऱ्याने सुटीवरून येताना बॅगेतून आणलेली, फ्रान्समधल्या वाकेरास गावची. (विमानातून येताना दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. एरवी परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. बाहेरची साधी बाटलीसुद्धा आपल्याकडे मिजास का करते, ते कळलं ना?)

आधी गड. वाटेत चपेटदान मारुतीला नमस्कार करून शेवटच्या खड्या पायऱ्या दोराला धरून चढलो. गडावर पाण्याशिवाय काही न्यायचं नाही, हा आमचा नियम आणि तो तुमचाही असावा. वर त्र्यंबकेश्वर महादेवाच्या देवळाशी धापा टाकत बसलो, तर समोर अख्खं पॅनोरमा: लोहगड, विसापूर, तुंग आणि खाली पवनेचं पाणी. मित्राने तिथेच प्रश्न टाकला, ‘‘म्हणजे आपण लोहगडाचा व्ह्यू फुकटात बघतोय?’’

फ्रान्समधल्या वाइनचा फण्डा नेमका हाच आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप जवळच्या आविन्योंला राहत, त्यांच्यामुळे या गावाला नाव मिळालं आणि नावाला भाव. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, दातेरी डोंगरांच्या पायथ्याशी जिगोंदास आणि वाकेरास ही गावं. द्राक्ष मुख्यतः तेच ग्रनाश. पण ही गावं कित्येक वर्षं ‘कोत द्यु ऱ्होन’च्या मोठ्या लेबलाखाली वाइन विकत होती. जिगोंदासला स्वतःचं नाव लावायची परवानगी मिळाली १९७१ मध्ये, वाकेरासला १९९० मध्ये. आजही शातोनफची बाटली शेजाऱ्याच्या दुप्पट किमतीला जाते. माती आणि उतार वेगळे आहेत, हे खरं. पण दुप्पट?

मग आपले शेजारी? नाशिकचं नाव मोठं, ते काही फुकटचं नाही. राजीव सामंत यांच्या सुला वाइन्सने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर, पलूसला वाइन पार्क आले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, हिवाळ्यात थंड रात्री. रात्र थंड असली की द्राक्षातली आंबट धार टिकते. अकलूजचं तसं नाही. पर्जन्यछायेचा कोरडा मुलुख, ऊन रग्गड, पाणी ठिबकचं. तिथे २००७ मध्ये इटलीचे सेक्की बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी बंधू एकत्र आले आणि ‘फ्रातेल्ली’ सुरू झाली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. सांजोवेझे हे त्यांच्या तोस्कानाचं द्राक्ष, तेच त्यांनी आपल्या माळरानावर लावलं.

माझ्यासाठी मात्र हा नुसता टाइमपास नव्हता. माझा मामा निफाडकडचा. आसपास सगळे लावत होते म्हणून त्यानेही दोन एकर वाइनची द्राक्षं लावली, एका वायनरीशी करार करून. २००८-०९ मध्ये मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं रिकामी पडली, टाक्या भरून राहिल्या. त्या हंगामात वायनरीची गाडी आलीच नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, बाजारात कोण घेणार? मामाने वेली उपटल्या आणि थॉमसन लावली. मी तेव्हा शाळेत होते. बांधावर पडलेल्या त्या वेली अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यामुळे मनातून मला नाशिकच जिंकायला हवं होतं.

संध्याकाळी भाड्याच्या बंगल्यात बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर एक-दोन-तीन आकडे टाकले. आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात, ती रूम युरोपातली, पुण्यातली नव्हे! सोळा-अठरा डिग्री पुरे. जेवण गावातल्या मावशींचं: चुलीवरचं गावरान चिकन, पिठलं, तांदळाची भाकरी आणि मावळचा इंद्रायणी भात.

नुसती चाखली तेव्हा एक नंबर सगळ्यांना आवडली. गडद, मऊ, मिरीचा वास. दोन नंबर फिकट आणि आंबटसर, कच्च्या टोमॅटोची आठवण करून देणारी. तीन नंबर उन्हात वाळलेल्या गवतासारखी, जरा रुक्ष पण रुबाबदार. मी मनातल्या मनात एकला नाशिक ठरवून मोकळी झाले.

मग चिकन आलं आणि सगळं उलटलं. तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल चढलं की जीभ आणखी भाजते. एक नंबर मिरचीशी भांडायला लागली. तीन नंबरही जरा गप्प झाली. दोन नंबरची आंबट धार मात्र कोकमासारखी मदतीला आली. पिठल्याबरोबर तर कमालच! चौघांच्या चिठ्ठ्या उघडल्या, चारांपैकी तीन मतं दोनला. त्यात माझंही एक. मावशींनी वास घेऊन नाक मुरडलं, ‘‘ताई, द्राक्षाचंच ना हे? मग गोड का नाही?’’

कागद काढले. एक दिंडोरी, दोन अकलूज, तीन वाकेरास. म्हणजे नाशिक मी ओळखलं आणि मत दिलं शेजाऱ्याला. थोडं फितूर झाल्यासारखं वाटलं. रविवारी सकाळी मामाला फोन केला, कबुलीजबाब दिला. तो हसला. ‘‘अगं, दिंडोरीची वाईट थोडीच झाली? पण एक सांगतो. त्यांनी द्राक्षं स्वतःच्या रानात लावली. आम्ही लावली दुसऱ्याच्या कागदावर.’’ जरा थांबून म्हणाला, ‘‘येताना ती दोन नंबरची आण. बघू तरी.’’

तर हिशेब असा. आपल्या दोन्ही बाटल्या हजार-बाराशेच्या आसपास मिळतात. जेवणाआधी गप्पा मारत प्यायची किंवा बरोबर सौम्य मटण रोस्ट, चीज असेल, तर दिंडोरीची शिराझ घ्या, पैसे वसूल. तिखट मराठी जेवण असेल तर अकलूजची सांजोवेझे. फ्रान्सला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर शातोनफ मागून त्याचा खिसा फाडू नका. वाकेरास सांगा, नाहीतर जिगोंदास. आणि बाटली विकत घेण्याआधी लेबल उलटून बघा, द्राक्ष कुठल्या रानातलं ते लिहिलंय का.

जायचं कसं? पुण्याहून लोकलने कामशेत, तिथून पवनानगरमार्गे तिकोणा पेठ. गाडी असेल तर पौडकडूनही रस्ता आहे. बाटल्या उघडणार असाल तर मुक्काम करा, रात्री गाडी चालवायची नाही. गड सकाळी चढा. आणि वर पोचल्यावर लोहगडाकडे बघून हात हलवा, तिकडून कुणी ना कुणी नक्की बघत असेल. आपण दोन नंबरला आहोत, मजेत आहोत!