आमची सहल, त्यांची एसटी

बोटीची सहल म्हटली की हल्ली डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव, रोषणाई, रात्रीचे नाचगाणे आणि कठड्याशी हात पसरून काढलेला फोटो उभा राहतो. अशी हौस भागवायला आता परदेशी जावे लागत नाही. जून २०२२ मध्ये चेन्नई बंदरातून ‘एम्प्रेस’ हे अकरा मजली जहाज हौशी पर्यटकांना घेऊन समुद्रावर निघाले आणि जून २०२३ मध्ये त्याने चेन्नई ते श्रीलंका अशी सफरही सुरू केली. त्या जहाजाचे फोटो तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर पाहिलेच असतील.

मात्र याच बंदरातून आणखी एका प्रकारची जहाजे सुटतात. त्यांवर तलाव नाही, रोषणाई नाही. जेवणाची घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभे राहायचे आणि रात्री आपापल्या बंकवर आडवे व्हायचे. ही अंदमानला जाणारी प्रवासी जहाजे. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे सुमारे बाराशे किलोमीटरचे अंतर कापायला त्यांना साठ तासांच्या वर लागतात. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, पण जहाजावर सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे.

विमान हेच अंतर सव्वादोन-अडीच तासांत कापते. मग तीन दिवस पाण्यात कशाला घालवायचे, असे आम्हाला शेजारपाजारच्या सगळ्यांनी विचारले. उत्तर आईकडे होते. वय वर्षे बहात्तर, माहेर हर्णै. लहानपणी मामाकडे मुंबईला जायचे तर बोटीनेच, आणि परतताना भाऊच्या धक्क्यावर वळकट्या मांडून बोटीची वाट पाहायची, हा तिच्या आठवणींचा ठेवा. कोकणची बोट कधीच बंद झाली. “एकदा परत बोटीत बसायचंय, आणि झेपतंय तोवर बसायचंय,” असे तिने सांगितल्यावर वाद संपला. फेब्रुवारीत आई, पत्नी, सातवीतली मुलगी आणि मी असे चौघे चेन्नईला निघालो.

जहाज संध्याकाळचे होते, म्हणून सकाळ मरीनावर काढली. मरीनाच्या वाळूची एक गंमत आहे. मुंबईला निसर्गाने बंदर आयते दिले, मद्रासला दिले नाही. सरळसोट किनारा आणि त्यावर आदळणाऱ्या लाटा. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या ‘मसुला’ होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला येई. त्या होड्यांना खिळा म्हणून नसे. खिळे ठोकलेली ताठ होडी त्या माऱ्यात फुटली असती, शिवलेली होडी लवत असे. १८६१ साली समुद्रात लोखंडी धक्का बांधला गेला, पुढे दगडी भिंती घालून बंदर उभारायला घेतले, तर १८८१ च्या वादळाने त्या भिंतींची दैना केली. तरी काम पुरे झालेच. या किनाऱ्याने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली, ती दक्षिणेला साठत गेली आणि आज आपण ज्यावर भेळ-सुंडल खातो तो मरीनाचा रुंद किनारा तयार झाला. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला मात्र वाळू पोचेना, तिथे समुद्र जमीन खाऊ लागला. एकाच बांधकामाने एकीकडे चौपाटी दिली आणि दुसरीकडे किनारा नेला.

मसुला होड्यांचे ऐकून आई म्हणाली, “आमच्या हर्णैलाही हेच होतं की. धक्का कुठला? पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि वरचा खलाशी लाट बघून हात धरून ओढायचा. लाट चुकली तर पाण्यात!”

या वेळी तिला कुणी ओढावे लागले नाही. तपासणी झाली, शिडी चढून आम्ही वर गेलो. आजूबाजूला पाहिल्यावर ध्यानात आले की कॅमेरे गळ्यात अडकवलेले आमच्यासारखे थोडेच. बाकीच्यांकडे होते ते सामान! शिवणयंत्र, पंखा, तांदळाची पोती, दोरीने बांधलेले खोके, पुस्तकांची ट्रंक. कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी तेलुगू, कुणी रांचीकडचे. आणि एकमेकांशी बोलत होते ते सगळे हिंदीत. हीच अंदमानची बोलती भाषा. फाळणीनंतर, १९४९ पासून, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जमिनी देऊन वसवले गेले. श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांनाही कचाल बेटावर रबराच्या मळ्यांत काम मिळाले. त्यांची मुले-नातवंडे शिकायला, खरेदीला, लग्नाला आणि दवाखान्याला याच जहाजाने मुख्य भूमीवर येतात. बेटांच्या रहिवाशांना भाड्यात सवलत असते. आई सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, “ही काय सहलीची बोट नव्हे रे. ही यांची एसटी आहे.”

जहाज हलले तेव्हा सूर्य शहरामागे उतरत होता. यारींच्या रांगा मागे पडल्या, मग मरीनावरचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह तेवढे उरले. १९७७ पासून हा दिवा तिथे आहे, त्यापूर्वी तो हायकोर्टाच्या घुमटावर होता. आई शेवटपर्यंत कठड्याशी उभी होती. ती काय आठवते आहे हे मला विचारावे लागले नाही. याच मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने स्वातंत्र्यवीर सावरकरांना जन्मठेपेसाठी नेण्यात आले होते. ठाण्याच्या तुरुंगातून आगगाडीने मद्रासला आणि तिथून बोटीने. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानला पोचले. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी माणसाला हा किनारा दूर जाताना पाहणे सोपे जात नाही. आम्ही परतीचे तिकीट खिशात ठेवून निघालो होतो. त्यांना पन्नास वर्षांची शिक्षा होती.

पहिली रात्र ज्यांना बोट लागते त्यांची. पत्नीने आले-लिंबू, आवळासुपारी असा सगळा बंदोबस्त आणला होता, तो आमच्यापेक्षा आजूबाजूच्या बंकवाल्यांनाच अधिक उपयोगी पडला. आई मात्र डब्यातली दशमी खाऊन पाळण्यात झोपावे तशी झोपली.

सकाळी डेकवर गेलो तर पाण्याचा रंगच पालटला होता. किनाऱ्याजवळचे हिरवट-मातकट पाणी जाऊन शाईसारखी दाट निळाई पसरली होती. खाली तीन किलोमीटरहून अधिक खोली. मधूनच जहाजाच्या चाहुलीने उडणाऱ्या माशांचा थवा पाण्यातून उसळे, चकाकत दूरवर तरंगत जाई आणि पुन्हा बुडे. मुलीने त्यांचे चाळीस फोटो काढले. त्यांतल्या अडतीस फोटोंत नुसते पाणी आले! रात्री जहाजामागच्या फेसात निळसर ठिणग्या पेटाव्यात तसे चमकणारे सूक्ष्म जीव दिसले, तेही कॅमेऱ्याला जमले नाहीत.

एक गोष्ट मात्र घड्याळाने टिपली. आम्ही सरळ पूर्वेला चाललो होतो. चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात रेखांशाचे बारा अंशांहून अधिक अंतर आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. घड्याळ सगळीकडे एकच, त्यामुळे रोज सकाळ पंधरा-वीस मिनिटे लवकर होत गेली. मुलीने ही मिनिटे वहीत लिहून ठेवली. भूगोलाच्या पुस्तकातला धडा तिला त्या दिवशी पाठ करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलला ‘रेंज’ नव्हती, वर्तमानपत्र नव्हते, पाहायला दुसरा किनारा नव्हता. अशा वेळी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. आईच्या शेजारच्या बंकवर रंगतची एक बाई होती. रंगत म्हणजे मध्य अंदमानातले गाव, पोर्ट ब्लेअरहून पुढे आणखी अर्ध्या दिवसाची वाट. नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया चेन्नईत झाली होती. दोन महिने परमुलखात काढून दोघे घरी निघाली होती. दोन्ही मुलींना आजीकडे ठेवले होते. आईचे मुंबई वळणाचे हिंदी आणि बाईचे बंगाली वळणाचे हिंदी, पण दोघींचे छान जमले. दशमी तिकडे गेली, मुरमुऱ्यांचा डबा इकडे आला.

संध्याकाळी ते गृहस्थ बायकोचा हात धरून प्रथमच डेकवर आले. हळूहळू कठड्याशी गेले आणि तिचा हात सोडून ताठ उभे राहिले. तेव्हा बाई माझ्याकडे आली. तिचा फोन साधा, बटणांचा. “भैया, इनका एक फोटो निकाल दोगे? खड़े हुए का. लड़कियों ने इनको जाते टाइम स्ट्रेचर पे देखा था.”

मी फोटो काढला. समुद्र त्यात नावालाच आहे. सुरकुतलेला निळा शर्ट, वाढलेली दाढी, कठड्यावर न टेकवलेले दोन्ही हात. तिने फोटो पाहिला, पाय दिसताहेत ना याची खात्री केली आणि पोरींना मोबाइल घेऊन देणाऱ्या मामाचा नंबर मला लिहून दिला. पाठवायचा तर किनारा जवळ यायला हवा होता.

पोर्ट ब्लेअर बेटाच्या पूर्व अंगाला आहे, त्यामुळे पश्चिमेकडून आलेल्या जहाजाला वळसा घालूनच बंदरात शिरावे लागते. तिसऱ्या दिवशी ढगांसारख्या दिसणाऱ्या रेषांची हिरवी बेटे झाली आणि सगळे जहाज एका बाजूला गोळा झाले. बंदराच्या तोंडाशी डोंगर, झाडी आणि दीपगृह दिसताच आईने पर्समधून जुनी वीस रुपयांची नोट काढली. २००१ साली आलेल्या त्या नोटेच्या पाठीवर हेच दृश्य छापलेले आहे. अंदमानचा हा फोटो देशातल्या प्रत्येकाच्या खिशात वर्षानुवर्षे फिरला आणि आपण कधी निरखून पाहिला नाही! २०१९ च्या नव्या नोटेवर त्याची जागा आपल्या वेरूळने घेतली आहे.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. रेंज आली होती. दोन दिवसांचे साचलेले निरोप धडाधड येऊ लागले, नातेवाईक फोटो मागत होते. आई म्हणाली, “आधी त्यांचा पाठव.” पाठवला. चेन्नई ते अंदमान अशी समुद्रतळावरून टाकलेली केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, तेव्हापासून बेटांवर फोटो पाठवणे सुकर झाले आहे. पाच मिनिटांत त्या मामाचा फोन आला. पलीकडून दोन मुली एकदमच बोलत होत्या. बंगाली मला कळत नाही. बाई एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडाशी धरून नुसती “हां, हां” करत होती. गृहस्थांनी फोन घेतला, दोन शब्द बोलले आणि समुद्राकडे तोंड केले.

हॅडो धक्क्यावर उतरताना तो शिडीवरून बायकोच्या आधाराने पण स्वतःच्या पायांनी उतरला. आई त्यांच्या मागे होती. या वेळी सामान तिने मला घेऊ दिले आणि त्यांची मुरमुऱ्यांची पिशवी स्वतः घेतली.

तुम्हालाही असे जायचे असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे दिवस. जहाजे रोज नसतात आणि वेळा बदलतात, म्हणून पुढचे बेत घट्ट बांधू नका. बंक स्वस्त, केबिन महाग. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर केबिनची चौकशी आधी करा. नेहमीची औषधे हाताशी ठेवा. खाऱ्या वाऱ्याने कॅमेऱ्याची काच धुरकटते, तेव्हा मऊ कापड जवळ असू द्या. आणि जाताना विमानाने, येताना जहाजाने असे केले तरी चालेल, पण एकदा तरी पाण्यावरून जा.

घरी परतल्यावर रिवाजाप्रमाणे शेजारीपाजारी फोटो पाहायला आले. सेल्युलर जेल, प्रवाळ, सूर्यास्त, सगळ्यांचे कौतुक झाले. मधेच तो निळ्या शर्टातल्या माणसाचा फोटो आला आणि कुणीतरी विचारले, “हे कोण?”

आई म्हणाली, “आमच्या गाडीत होते.”