ती उज्जैनवरून येईल

रामटेक,
७ नोव्हेंबर २०२५

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पोचलं, त्याच्या मागोमाग तुझा फोनवरचा निरोपही पोचला. पाकिटाबद्दल माझी काही तक्रार नाही. निरोप वाचून मात्र डोकं फिरलं. "मावशी, गडासमोर धरून एक फोटो काढ, मला टाक, आणि मग दे फेकून. परत पाठवायचा खर्च कशाला? शाळेत फोटोच लावतात." किती सहज लिहून गेलीस गं! पोरीने रंगखडू झिजवून, जिभेचं टोक बाहेर काढून (तू काढायचीस, तेव्हा तीही काढतच असणार) एक बाहुली कापायची, तिने समुद्र ओलांडून मावशीआजीकडे पाहुणी म्हणून यायचं, आणि मावशीआजीने तिला केराच्या टोपलीत घालायचं? आपल्याकडे गावाबाहेर नेऊन टाकतात ती मारबत. तान्ह्या पोळ्याला नागपुरात तू ती पाहिली आहेस, आणि काकांच्या खांद्यावर बसून किती भोकाड पसरलं होतंस तेही मला आठवतं. तेव्हा तुला मारबतीचीसुद्धा दया आली होती.

शाळेचं म्हणशील, तर जन्म शाळेत गेला माझा, शाळा मला सांगू नकोस. ज्याच्यावरून शाळेने ही बाहुली करायला लावली, त्या चपट्या स्टॅन्लीचं पुस्तक मी मागवून वाचलं. जेफ ब्राऊन नावाच्या अमेरिकन लेखकाचं, १९६४ सालचं. झोपेत अंगावर मोठा फळा पडून पोरगा सपाट होतो, जाडी उरते अर्धा इंच. मग दाराखालच्या फटीतून काय जातो, धाकट्या भावाचा पतंग काय होतो! आणि तिकीट महाग पडतं म्हणून त्याला पाकिटात घालून कॅलिफोर्नियाला पाठवतात. मला त्यातली आवडली ती त्याची आई. ती पाकिटात त्याच्यासोबत सँडविच ठेवते आणि चपट्या डबीत दूध भरून देते. शिदोरीशिवाय लेकरू घराबाहेर काढायचं नाही, हे त्या बाईलाही कळत होतं. तुझ्या पाकिटात गोळी-चॉकलेटचा कागदसुद्धा नव्हता. असो.

आणि हा पाठवापाठवीचा खेळ काढला तो तुमच्याच ऑन्टारियोतल्या मास्तरांनी. तुमच्या तिकडेही एक लंडन आहे ना, तिथले डेल ह्यूबर्ट, तिसरीचा वर्ग शिकवणारे, साल १९९५. मुलांनी कागदाचा स्टॅन्ली करायचा, दुसऱ्या गावी पाठवायचा, तिथल्यांनी त्याला चार ठिकाणी फिरवायचं, त्याची रोजनिशी लिहायची, आणि रोजनिशीसकट त्याला परत धाडायचं. परत! खुद्द मास्तरांनी घातलेली रीत आहे, मी पदरचं सांगत नाही. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीत विमान उतरवावं लागलं होतं, आठवतं? १५५ माणसं वाचली. त्यातल्या एका प्रवाशाजवळ असाच एक स्टॅन्ली होता, आणि त्या बाप्याने जिवावरच्या प्रसंगातून कागदालाही सुखरूप बाहेर काढलं. तुला मात्र पोस्टाच्या तिकिटाची काळजी!

तुला वाटत असेल, मावशीला हे नवलाचं खूळ, म्हणून एवढी चेकाळली. नवल कसलं? भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत या घराच्या कोनाड्यात कोण बसायचं? भुलाबाई महिनाभर माहेरी येते, तीही बाहुलीच की. ज्वारीच्या धांड्यांची खोपी तुझ्या मामाने बांधायची आणि तू ती पाडायची. अंबाळा तलावाच्या काठची माती आणून तू स्वतः केलेली, एका कानाची भुलाबाई अक्काने किती वर्षं जपली! संध्याकाळी साऱ्या पोरी घरोघर जायच्या, सासर-माहेरची गाणी म्हणायच्या, आणि खाऊचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायच्या. तुला कधीच ओळखता आलं नाही, तरी भांडून पहिला वाटा तूच घ्यायचीस. मातीची बाहुली पाहुणी येते, तिला रोज नवा खाऊ मिळतो, तिच्या निमित्ताने दहा घरची दारं उघडतात: एवढं सगळं अंगणात खेळून गेलीस, आणि आता तुझ्या लेकीचा तोच खेळ तुला शाळेचा प्रोजेक्ट वाटतो. तुझ्यावर रागावू की हसू, तेच कळत नाही.

बरं, पाहुणीचं सांगते. कागदावर छापलेला होता मुलगा, पण नातीने त्याला दोन वेण्या काढल्या आहेत आणि कपाळाला टिकली. तोंडाचा रंगही छान आपल्या घरचा, तपकिरी दिला आहे. ती नेमकी वैकुंठ चतुर्दशीच्या तोंडावर आली, त्यामुळे मी आयती शोभायात्रेला घेऊन गेले. झाक्या तिने सगळ्या पाहिल्या, अर्धवट माझ्या पिशवीतून. त्रिपुरीला गडावर नेलं. अंबाळ्याकडच्या पायऱ्या आता माझ्याने होत नाहीत, म्हणून ऑटोने वरपर्यंत गेलो. वराहाची मूर्ती दाखवली. तुम्ही पोरं तिच्या पोटाखालून सरपटत जायचात, ही तर अंगाची इतकी बारीक की फटीतूनसुद्धा गेली असती. तिथेच वानराने घात केला. काळतोंड्याला वाटलं, पाकिटात फुटाणे असतील. मी पाकीट सोडेना, तो सोडेना. शेवटी फुलवाल्या बाईने काठी आपटली तेव्हा सुटलं, पण बाहुलीचा डावा हात फाटला. डिंकाने चिकटवला आहे. जोड दिसतो, दिसू दे.

नंतर नगरधनला गेलो. किल्ला पाहिला, पण मला तिला सांगायची होती ती प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, इतक्या दूरवरून वाकाटकांच्या घरी दिली, नवरा लवकर गेला, आणि तिने लहान मुलांच्या नावाने राज्य चालवलं. तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या पायांचा उल्लेख आहे, म्हणजे हीच आपली टेकडी. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली, वर शंख आहे. तिच्या माहेरी निरोप कसे जात असतील, हेच त्या मुद्रेवरून माझ्या मनात येत राहिलं. येताना पानमळा दाखवला. पूर्वीसारखे मळे आता राहिले नाहीत, पण आहेत तिथे आत शिरलं की अजून तसाच गारवा.

आता मुद्द्याचं. नातीच्या चिठ्ठीसोबत शाळेचा छापील कागद आहे. "माझी बाहुली कोणाकोणाकडे जाणार?" असं वर लिहून खाली ओळी आखल्या आहेत. त्यात दोनच नावं भरली आहेत, एक पुण्याच्या आजीचं आणि एक माझं. बाकीच्या ओळी कोऱ्या. छोटे, हे पाहून मला रात्री झोप लागली नाही. अगं, पोरीला कोणी नाही का? जबलपूरला अक्काची नणंद आहे, भोपाळला तुझी चुलत आत्या, उज्जैनला दादासाहेबांच्या घरात अजून आठ माणसांचं पान वाढलं जातं. दिल्लीत तुझा मामेभाऊ आहे. त्याच्याशी तुझं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण त्यात पोरीचा काय दोष?

म्हणून मी ठरवलं आहे की बाहुली इथून सरळ तुझ्याकडे येणार नाही. ती मेघाच्या वाटेने येईल.

हसू नकोस. मेघदूत तू कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलंस, त्यामुळे तुला विरह तेवढा आठवत असेल. पुन्हा उघडून बघ. आपल्या टेकडीवर बसलेला तो यक्ष (ती टेकडी सरगुजातल्या रामगढची, असं माझ्यापुढे काढू नकोस, संशोधक मिराशींनी सगळं सप्रमाण मांडून ठेवलं आहे) शंभरावर श्लोक बोलतो, त्यातले निम्म्याहून जास्त नुसता रस्ता सांगण्यात घालवतो. प्रत्यक्ष निरोप येतो पार शेवटी, मोजक्या श्लोकांत. आधी आम्रकूट, मग रेवा, मग विदिशा आणि वेत्रवती. कुठे थकशील, कुठे पाणी पिशील, कुठल्या डोंगरावर टेकशील, सगळं सांगतो. आणि उज्जैनपाशी तर कमालच करतो. उत्तरेला जाणाऱ्याला ती वाट वाकडी पडते हे त्याला स्वतःला माहीत आहे. शापाचे चार महिने उरलेत, बायको तिकडे झुरते आहे, तरी तो मेघाला म्हणतो की वळसा पडला तरी उज्जैन चुकवू नकोस. घाई कोणाला जास्त होती, त्याला की तुझ्या शाळेला? भामहासारख्या शास्त्र्याने ढग-वाऱ्याला दूत करणाऱ्या कवींना अयुक्तपणाचा दोष लावला होता. मला तो दोष वाटत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या हाती निरोप दिला, की वाटेतल्या प्रत्येकाला थांबून तो वाचावा लागतो. फोटोचं तसं होत नाही. तो तुझ्या फोनातून शाळेच्या भिंतीवर जाईल, मधे एकही घर लागणार नाही.

तर मनसरवरून जातो त्याच रस्त्याने आधी जबलपूर, म्हणजे रेवा (नर्मदा) आलीच. मग भोपाळ. विदिशाला आपलं कोणी नाही, पण भोपाळहून ते जवळच, तुझी आत्या नेऊन आणेल असं तिने कबूल केलं आहे. मग उज्जैन. मग मंदसौर, तेच ते दशपूर. तिथे जावईबापूंचे कोणी बँकेतले स्नेही होते ना? अजून आहेत का, ते विचारून कळव. मग दिल्ली, तिथून जमलं तर हरिद्वारला कनखल, आणि यक्षाच्या अलकेऐवजी टोरोंटो. प्रत्येक घराला मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की बाहुलीच्या वहीत दोन पानं लिहा, मराठीत लिहा, आणि नातीला ते कोण लागतात तेवढं ठळक लिहा. रजिस्टर करणार होते, पण देशातलं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात घातलंय म्हणे. पोस्टातला मुलगा समजावून सांगत होता, मी ऐकून घेतलं. स्पीडची मला काही गरज नव्हती.

डिसेंबरच्या सुट्टीआधी वर्गात जमा करायचं, असं तू म्हणतेस. शाळेतल्या बाईंना सांग की पाहुणी वाटेत आहे. मी असते तर अशा मुलीला जास्तीचे गुण दिले असते.

वहीतलं मराठी नातीला वाचता येणार नाही हे मला माहीत आहे. तू वाचून दाखव. इथेच तर माझं सारं घोडं अडतं. तुला वेळ नाही, हे तू एका पत्रात किती ठिकाणी लिहितेस! आवाज बसलेला वाटला परवा. तिकडे थंडी सुरू झाली असेल, अंधारात निघतेस आणि अंधारात परततेस, मग पोरीशी बोलतेस कधी? तिने मावशीआजीला विचारलं आहे, "तुमच्याकडे अजून कोण राहतं?" काय लिहू? मी, तुळस आणि वरच्या खोलीतले कालिदास विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, असं खरं ते लिहिलं आहे. ती पोरं संस्कृत शिकतात आणि माझ्या हातची पुडाची वडी खातात. पण पुढच्या खेपेला तिची धाकटी बहीण बाहुली करील तेव्हा रामटेकचा पत्ता कोणाचा लिहाल? या घराचं तुझ्या मामाच्या मुलांशी काय चाललंय ते तुला ठाऊक आहे. या पत्रात त्यावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तेव्हा नाहीच लिहीत. फक्त तू सही करण्याआधी मला एकदा विचार.

दिल्लीवाल्याला मी तुझा फोन नंबर दिला आहे. बाहुली पोचली की तो फोन करील. उचल.

आणि खोकल्याचं डॉक्टरांना दाखवलंस का? "बरी आहे" असं फोनवर सांगू नकोस, कागदावर लिही, औषधाचं नावही लिही. जावईबापूंना नमस्कार. नातीला पापा.

तुझी,
मावशी

ता. क. : बाहुलीच्या फाटलेल्या हाताबद्दल तू आधी काही बोलू नकोस. वानराची सगळी हकिकत मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे, चित्र काढून. वानर थोडं कुत्र्यासारखं झालंय.