जीपीओतला एक लंच टाइम

सकाळी सीएसएमटीला उतरायचं, गर्दीबरोबर बाहेर पडायचं, जीपीओच्या कडेकडेने चालत बॅलार्ड इस्टेट गाठायचं. गेली सहा वर्षं माझा हाच कार्यक्रम. या सहा वर्षांत जीपीओच्या आत किती वेळा गेलो असेन? शून्य. जायचं तरी कशाला? बिलं ऑनलाइन, बँक मोबाइलमध्ये आणि कुरिअरवाला तर थेट डेस्कपर्यंत. तुमचंही थोड्याफार फरकाने असंच असणार.

मग या मे महिन्यात, एका बुधवारी, डबा तसाच ठेवून मी लंच टाइमला जीपीओत गेलो. कारण? आजी.

आजी ८४ वर्षांची. गुहागरजवळच्या आमच्या गावात राहते. डोळे ठीक आहेत, कान मात्र गेले. फोनवर तिला काही कळत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर ती नुसती हसते आणि शेजारच्या मुलीला विचारते, "काय म्हणतोय?" मार्चमध्ये बाबा गावी गेले तेव्हा तिने निरोप धाडला, "त्याला म्हणावं, पत्र टाक. चार ओळी चालतील."

चार ओळी! अहो, मी जाहिरात कंपनीत कामाला आहे. लिहिण्याचाच पगार घेतो. दिवसाला चाळीसेक मेल, पाच-सहा ग्रुपवरच्या गप्पा, क्लायंटसाठी कॅप्शन्स. पण आजीला चार ओळी काही सुचेनात. मार्च गेला, एप्रिल गेला. शेवटी एका रात्री एआयला सांगितलं, "आजीला एक छान पत्र लिहून दे." पाच सेकंदांत पत्र हजर! पहिलंच वाक्य, "प्रिय आजी, आशा आहे की हे पत्र तुला उत्तम आरोग्यात सापडेल." सापडेल? आमची आजी काय हरवलीय? खाली तिच्या 'अमूल्य मार्गदर्शना'बद्दल तीन परिच्छेद आभार. हे पत्र जगातल्या कुठल्याही आजीला चाललं असतं. मी ते डिलीट केलं.

आणि ठरवलं, ऑफिसच्या खुर्चीत हे जमणार नाही. पत्र पोस्टातच बसून लिहायचं.

बाहेरून बघाल तर जीपीओ म्हणजे थेट विजापूरच. जॉन बेग या वास्तुविशारदाने गोल घुमट डोळ्यांसमोर ठेवून ही इमारत उभी केली. काम पूर्ण झालं १९१३ साली. काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्राचा पांढरा, असा तिरंगी मामला. शेजारचं सीएसएमटी २००४ सालापासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे सगळे कॅमेरे तिकडे वळलेले असतात. ही धाकटी बहीण मात्र बिचारी झाडांमागे गप्प उभी.

आत पाऊल टाकलंत की मान आपोआप वर जाते. मधोमध घुमट, त्याखाली गोल हॉल आणि कडेने खिडक्या. बाहेरचे हॉर्न इथे लांबून आल्यासारखे वाटतात. मी एका खिडकीवर गेलो आणि पोस्टकार्ड मागितलं. पन्नास पैसे! माझ्याकडे पन्नास पैसे कुठले? म्हणून दहा घेतली. मागच्या माणसाला वाटलं असणार, याच्याकडे लग्नकार्य दिसतंय.

पेन काढलं आणि आधी पत्ता लिहिला. ते सोपं होतं. पिनचे सहा चौकोन भरताना एक गोष्ट आठवली. हा पिनकोड एका मराठी माणसाची देणगी आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसचे. एकाच नावाची गावं देशात ढिगाने, पत्ते नाना लिप्यांत. त्यात पत्र चुकू नये म्हणून हा खटाटोप. आता २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने डिजिपिनही आणला. देशाचे ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला अक्षर-आकड्यांचा दहा जागांचा कोड दिला. म्हणजे आजीच्या ओटीलासुद्धा आता स्वतःचा कोड आहे. पत्र कुठे जायचं याची सोय अशी चोख. पत्रात काय, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं!

"ती. आजीस, सा. न. वि. वि." इथपर्यंत आलो. आणि थांबलो.

रेडीमेड वाक्यांना आपण उगाच नावं ठेवतो, असं तेव्हा वाटलं. तारेतसुद्धा ठरलेल्या शुभेच्छा असायच्या, प्रत्येकीला नंबर. लग्नाला, सणाला फक्त नंबर लिहायचा, मजकूर पलीकडे आपोआप उमटायचा. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. आपल्या मेलखाली 'थँक्स!', 'नोटेड!' अशी तयार उत्तरं येतात, ती तिचीच नातवंडं. 'सा. न. वि. वि.' तरी काय वेगळं? पण ते दारापर्यंत सोडतं. पुढे आपणच जायचं.

पुढे जाता येईना, म्हणून बाहेर पडलो. समोर कबुतरखाना आहे. याच भागात एकेकाळी पत्रलेखकांच्या टेबलांची रांग असायची. लिहिता-वाचता न येणारे हमाल, गोदी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे त्यांच्याकडून पत्रं आणि मनिऑर्डरी लिहून घ्यायचे. आता तिथे कापडात पार्सल शिवत बसलेले एक काका दिसले.

"काका, तुम्ही पत्रं लिहायचात?"

"खूप. आता कोण लिहून घेतंय? आता फॉर्म आणि पार्सल."

"सुरुवात कशी करायचात?"

त्यांनी सुई थांबवली. "आम्ही कुठली सुरुवात करणार? विचारायचो, बोल, काय सांगायचंय? माणूस आधी गप्प. मग हळूच म्हणायचा, म्हैस व्याली का विचारा. झालं पत्र सुरू."

आणि मला आजीचा डबा आठवला. बिस्किटांचा, पत्र्याचा. आजोबा गोदीत होते. ते दर महिन्याला मनिऑर्डर करायचे, तिच्या खालच्या कुपनात दोन-तीन ओळींची जागा असायची. ती कुपनं आजीने सगळी जपलीत. लहानपणी मी एक वाचलं होतं, "पावसाआधी घर शाकारून घेणे. खोकला बरा आहे." एवढंच. गंमत म्हणजे दर कुपनावरचं अक्षर वेगळं. मी बाबांना विचारलं तेव्हा कळलं, आजोबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, कुणीतरी लिहायचं.

म्हणजे आजोबांचीही पत्रं दुसऱ्यानेच लिहिली! मग मी एआयकडून लिहून घेतलं तर काय बिघडलं? कबुतरांकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. मग लक्षात आलं. आजोबांनी हात उसना घेतला होता. खोकला त्यांचा होता, घर त्यांचं होतं. मी त्या यंत्राला काही सांगितलंच नव्हतं. उलट त्यालाच विचारत होतो, की बाबा रे, मला माझ्या आजीशी काय बोलायचंय?

आणि खरं सांगायचं तर मला ते चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच दोन महिने लिहवत नव्हतं.

परत आत गेलो. उभ्याउभ्या लिहिलं, "गेल्या वर्षी गणपतीला आलो नाही. सुट्टी नव्हती असं सांगितलं. सुट्टी होती. मित्रांबरोबर गोव्याला गेलो. तू मोदक ठेवले होतेस हे बाबांकडून कळलं. चुकलो. तुझ्या कुपनांपैकी एक आजोबांनी इथूनच पाठवलं असेल, असं वाटलं म्हणून इथे उभा राहून लिहितोय." अक्षर असं, की डॉक्टरही लाजतील. जागा संपली. 'कळावे' कोपऱ्यात आडवं कोंबलं. पेटीत टाकताना हात क्षणभर थांबला, कारण इथे 'डिलीट फॉर एव्हरीवन' नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. ऑफिसात बॉसने विचारलं, "कुठे होतास?" म्हटलं, "पोस्टात." त्याला वाटलं, मी इन्स्टाच्या पोस्टबद्दल बोलतोय.

तेराव्या दिवशी घरी पोस्टकार्ड आलं. अक्षर शेजारच्या मुलीचं, शब्द आजीचे.

"पत्र पोचले. मुलीकडून तीनदा वाचून घेतले, मग स्वतः वाचले. मोदक गड्याला दिले. गोव्यात काय खाल्लेस ते लिहिणे. घर शाकारून झाले."

माझ्याकडे अजून नऊ कार्डं शिल्लक आहेत.